आधी वर बघा

कुठल्याही खोलीत शिरताना ते उंबऱ्यावर थांबत, मान मागे टाकून छत न्याहाळत आणि मगच पाऊल आत टाकत. लग्नघरी, दवाखान्यात, आमच्या प्रताप नगरच्या घरीसुद्धा. "आधी वर बघा, साहेब. बसायला काय, जागा कुठंही मिळते."

अशी भित्री माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. हे जयपूरच्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. घराणं अमरावतीकडचं, जन्म इथला, त्यामुळे मराठीत 'मतलब' फार. मोबाइल नुकते खिशात येऊ लागले होते तेव्हा बँकेनं माझी इथं बदली केली. मराठी बोलायला कुणी मिळावं म्हणून मी वाचनालयात जाऊ लागलो, आणि त्यांनी मला मुलांच्या उन्हाळी वाचन शिबिराच्या समितीत ओढलं.

समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. कोणती पुस्तकं ठेवायची, हे चहा येईपर्यंत ठरलं. बॅनरचा रंग ठरायला दुसरा चहा लागला. मुलं बसणार मोठ्या हॉलमध्ये, कारण बाहेर लू, म्हणजे अंग भाजणारे वारे, आणि कूलर तेवढा तिथंच. हॉलचं छत इकडच्या रिवाजाप्रमाणे लांबलचक दगडी पट्ट्यांचं. मधल्या पट्टीला केसासारखी चीर होती.

पुस्तकं सांधायचा पातळ कागद ग्रंथपालांनी शिडीवर चढून त्या चिरेवर खळीनं चिकटवला होता. पट्टी हलली तर कागद फाटणार. पुढच्या बैठकीआधी त्यांनी मला हॉलमध्ये नेलं. "वर बघा."

कागद मधोमध फाटला होता.

"कागज़ है, गर्मी में फट गया," बैठकीत अध्यक्ष म्हणाले. "आप तो अपनी परछाईं से भी डरते हो." सगळे हसले. आम्ही दोघांनी विरोध केला, पण निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. त्यांच्यापुढे चीर ती काय! सरकारी इंजिनिअरांनी पाहणीला यायचं कबूल केलं होतं. शिबिरानंतर.

फोटो चांगला यावा म्हणून उद्घाटनाचं व्यासपीठ हॉलच्या मधोमध मांडलं. अध्यक्ष माइकसमोर उभे राहिले. कोपऱ्यातून ग्रंथपाल एकटक वर बघत होते. बोलता बोलता अध्यक्षांची नजरही वर गेली. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण आम्ही त्या दिवशी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी व्यासपीठ हललं आणि तिथं ग्रंथपालांचं टेबल-खुर्ची आली. मुलं दोन्ही टोकांना, धडधाकट पट्ट्यांखाली. पुस्तक बदलायचं असलं की हेच उठून मुलांकडे जात. टेबलाशी कुणाला फिरकू देत नसत.

एका चिमुरडीनं लांबूनच विचारलं, "अंकल, आप बीच में क्यों बैठते हो?"

"यहाँ हवा अच्छी आती है, बेटा."

कूलर पार टोकाला होता. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी म्हणालो, "अहो, जागा रिकामी सोडा की!"

"रिकामी दिसली की पोरं तिथंच पळतात. दोरी बांधून बघितली, तर खालून घुसली. मतलब, मोठं माणूस बसलं असलं तरच येत नाहीत." त्यांनी हातातल्या पुस्तकावर शिक्का मारला. "भीती वाटते हो. फार वाटते. पण इथं एखादं पोरगं बसलं असताना जर..."

शिबिर संपेपर्यंत मी रोज बँकेतून थेट तिथं जाई. दारातून आधी ते दिसतात का बघे, मग छत.

शिबिर पार पडलं. मुलं बक्षिसं घेऊन घरी गेली. त्यानंतरच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पट्टी खाली आली. आवाज बाजारापर्यंत गेला.

आम्ही पोचलो तेव्हा टेबल दुभंगलेलं होतं. खुर्चीची पाठ तेवढी दगडामातीतून वर आली होती. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. "चलो, शिविर तो निर्विघ्न हुआ."

ग्रंथपाल नेहमीसारखे उंबऱ्यावर थांबले होते. छताच्या भगदाडातून हॉलभर ऊन पडलं होतं, पण त्यांनी वर पाहिलंच नाही. ते खुर्चीकडे बघत राहिले. मग त्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"साहेब, आमच्या घरी बोलू नका हं," ते कुजबुजले. "मी कुठं बसत होतो ते."