हरिचंद्र भोईर यांच्या आईचा रोल

खरवईच्या नाक्यावरचा तो फलक पाहिला आणि मला शिसारी आली. कौसाबाई भोईर, वय शहाऐंशी, चार दिवसांपूर्वी वारल्या होत्या. आधार कार्डावरचे त्यांचे छायाचित्र नातवाने संगणकावर घासूनपुसून गोरे केले होते. एकही सुरकुती शिल्लक नव्हती. ओठांना लाली होती. एकोणतीस वर्षे वैधव्यात काढलेल्या त्या बाईंच्या गळ्यात कुणाचा तरी पाचपदरी हार चिकटवला होता आणि मागे निळे ढग सोडले होते. खाली ‘शोकाकुल’ म्हणून अठरा पुरुषांचे चेहरे; त्यांत सर्वांत मोठा चेहरा त्याच नातवाचा, सुजितचा, काळ्या चष्म्यासह.

मी तिकडे निघालो होतो तो कौसाबाईंच्या थोरल्या मुलासाठी. हरिचंद्र भोईर अंबरनाथच्या एका ओतकाम कारखान्यात सव्वीस वर्षे माझ्या हाताखाली होते. ओतीव भागांत आतून भेग आहे की नाही हे तपासण्यासाठी त्यांचे एक्स-रे काढत. त्या फिल्म अंधारखोलीत धुण्याचे काम हरिचंद्रांचे. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एका फिल्मवर ओरखडा उमटला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी जवळच्या कॅम्प पाच वस्तीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून दोन भिंगांचा जुना कॅमेरा घेतला आणि ते कृष्णधवल छायाचित्रे काढू लागले. गावाने त्यांना हसून घेतले. त्यांनी हसू दिले.

त्या सकाळी ते शिवमंदिरामागच्या माझ्या घराच्या फाटकाशी येऊन उभे राहिले होते. डोके तुळतुळीत, खांद्यावर पंचा.

“आत या,” मी म्हणालो.

“सुतक हाय, साहेब. हितंच बरा हाय.” त्यांनी औषधाच्या गोळ्यांची एक डबी पुढे केली. आत न धुतलेला रोल होता. “मरायच्या आधी आठ दिवस आईचे बारा फोटो काढले. भर दुपारी, खळ्यात. सावलीत बसायला तयार नव्हती. तेराव्याला यातला एक लावायचाय. बिघडला तर तिचं तोंड म्हणून तो नाक्यावरचा बॅनरच राहील.”

अडचण मला लगेच कळली. माथ्यावरचे ऊन, पांढरे लुगडे आणि पदराच्या सावलीत काळासावळा चेहरा. फिल्म धुण्याच्या साध्या द्रावणात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, निगेटिव्हवर लुगडे इतके दाट होते की छपाईत त्याच्या जागी कोरा कागद राहतो. लुगडे सांभाळायला गेलो तर चेहरा कोळसा होतो. अशा वेळी डाग धरणारा डेव्हलपर हवा. त्यात चांदीच्या जोडीने फिल्मवर पिवळट-तपकिरी डाग बसतो, आणि तो डाग झगझगीत भागाला आवर घालतो. असे डेव्हलपर दोन रसायनांपासून होतात, पायरोगॅलॉल आणि कॅटेकॉल. हरिचंद्रांकडे दोन्हींच्या बाटल्या होत्या. कोणते वापरावे, एवढेच त्यांना विचारायचे होते.

“आधी चाचणी,” मी म्हणालो. “तशाच उन्हात, तशाच लुगड्यात कुणाला तरी बसवा.”

खरवईला पोचलो तेव्हा तिथे वेगळाच पेच उभा होता. हरिचंद्रांच्या पत्नी अंजनीबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“साहेब, तुम्हीच सांगा यांना. मला पांढरं लुगडं नेसायला सांगतात. नवरा समोर धडधाकट उभा, आणि मी पांढरं नेसू?”

“फोटोपुरतं गो,” हरिचंद्र म्हणाले.

“मग तुम्हीच नेसा.”

ते नेसले. आईचे एक लुगडे त्यांनी वाटून न टाकता मागे ठेवले होते. ते अंगाभोवती गुंडाळून, मुंडण केलेल्या डोक्यावरून पदर घेऊन पासष्ट वर्षांचे हरिचंद्र भर उन्हात खळ्यात बसले. कुंपणापलीकडच्या नव्या इमारतीच्या गॅलऱ्यांतून लोक मोबाईल काढून उभे राहिले. अंजनीबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी बारा छायाचित्रे घेतली.

त्यानंतर मी त्यांची अंधारखोली पाहिली आणि माझा संयम संपला. तराजू नव्हता. कॅटेकॉलच्या बाटलीत चहाचा चमचा उभा होता, आणि तो चमचा धुतलेला नव्हता. दोन्ही रसायने विषारी, कातडीतून आत जाणारी. या गृहस्थांची नखे तपकिरी झाली होती.

“सव्वीस वर्षे काय शिकलात?”

“कारखान्यात पुड्या तयार यायच्या, साहेब. एक पुडी, एक बादली. वजन कधी केलंच नाय.”

हे खरे होते, आणि म्हणून अधिकच चीड आणणारे होते. मी घरून आणलेला तराजू मांडला, हातमोजे घातले, त्यांनाही घालायला लावले. रसायने काटेकोर तोलली. त्यांनी पाणी आणून दिले. पायरोगॅलॉल त्यात पडून सोडा मिसळताच, फिल्म आत जाण्यापूर्वीच, द्रावण गटाराच्या पाण्यासारखे झाले. चाचणीच्या रोलमधून कापलेली पट्टी बाहेर आली ती ढगाळ, मळकट, पाहवेना अशी. कॅटेकॉलची दुसरी पट्टीही धुरकटच.

“पाणी कुठले?”

“हंड्यातलं. तांब्याचा हाय. आईच भरायची. शुद्ध असतं म्हणून…”

रसायनशास्त्रात आयुष्य काढल्यावर हे ऐकण्याची वेळ यावी याचा मला विलक्षण संताप आला. तांब्याचा अंश पाण्यात उतरला की असा डेव्हलपर हवेनेच जळून जातो. पिण्यासाठी ते पाणी कितीही पवित्र असो, इथे ते विष. ते पाणी आईच्या रोलला लागले असते तर बारा चित्रांचा चिखल झाला असता. मी हे सगळे त्यांना सुनावले. ते सायकल काढून गेले आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचे दोन डबे घेऊन आले.

या वेळी दोन्ही पट्ट्या निर्मळ आल्या. पायरोगॅलॉलमध्ये लुगड्याची घडी न् घडी मोजता येत होती, मात्र काठाशी दोन पुसट पट्टे उमटले होते. द्रावण हलवण्यात किंचित चूक झाली की हे रसायन ती माफ करत नाही. कॅटेकॉलमध्ये घड्या थोड्या बोथट, पण डाग सर्वत्र सारखा. माझा कौल पायरोगॅलॉलकडे होता. तसे मी सांगितले.

हरिचंद्रांनी दोन्ही पट्ट्या उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिल्या. “पायरोत लुगडं चांगलं येतं, साहेब. पण मला लुगडं नको. तोंड पायजे. पट्टा तोंडावर आला तर?”

सव्वीस वर्षांत त्यांनी माझा शब्द मोडला नव्हता. मी कॅटेकॉल तोलून दिले.

रोल त्यांनी एकट्याने धुतला. मी बाहेर बसलो. बारापैकी नऊ चित्रांत कौसाबाईंचे डोळे उन्हाने मिटलेले होते. एकात हात आडवा आला होता. दोन उत्तम होती. त्यांतले एक त्यांनी छापले, चौकटीत बसवले आणि तेराव्याच्या सकाळी मधल्या खोलीत टांगले.

बाहेर मांडवात हार चढला तो सुजितने तिथेही लावलेल्या फलकालाच. जेवणापूर्वी तो आत आला. शेजारी दोरीला टांगलेल्या निगेटिव्हकडे त्याने आधी पाहिले.

“काका, ही तर गंजली.”

“डाग हाय तो. तसाच लागतो.”

मग भिंतीकडे. “आजी लईच काळी आलीय ना? फाईल द्या, दोन मिनिटांत ब्राइट करतो. लोक बघतात, यार.”

“फाईल नाय.”

“मग मोबाईलवर खेचतो.”

“खेच. भिंतीवर हाच राहील.”

त्याने खरोखर मोबाईल उचलला आणि मृत आजीचा चेहरा बोटाने चिमटीत धरून मोठा-लहान करत बाहेर गेला. मला तिथे थांबण्याचीही किळस वाटू लागली होती. मी चप्पल शोधत होतो.

तेवढ्यात अंजनीबाई नैवेद्याचे ताट घेऊन आल्या. सकाळपासून त्या मांडवातल्या फलकासमोरून दहा वेळा उघड्या डोक्याने गेल्या होत्या. या भिंतीसमोर त्या थबकल्या, ताट एका हातावर तोलले आणि दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर ओढला. मग नवऱ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, एवढ्या उन्हात बसवलंत त्यांना? डोळे बघा कसे बारीक झालेत.”