घरच्यांची पंगत

समोर तीनशे खुर्च्यांचा हॉल, त्यात जेमतेम चाळीस माणसं, तीही कोट न काढता एकमेकांपासून लांबलांब बसलेली, आणि स्टेजवर माइक हातात धरून एक गृहस्थ प्रसन्न चेहऱ्यानं म्हणतो आहे, "मंडळी, आजचा कार्यक्रम हाउसफुल आहे. मागच्यांनी कृपा करून पुढे यावं." मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते असं. मला हसू आवरेना. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ह्यांना सगळे हाउसफुल काकाच म्हणतात. यू गेट यूज्ड टू इट." गंमत म्हणजे काका खोटं बोलत नसत. रिकाम्या खुर्च्या त्यांना खरोखरच दिसत नसत. काय काय दिसत नाही या माणसाला, हे मला पुढे कळणार होतं.

सोमवार ते शुक्रवार ते स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका गोदामात सुपरवायझर होते. उरलेल्या वेळात ते महाराष्ट्रातून गाणारी माणसं इंग्लंडात आणत. व्हिसासाठी पत्रं लिहायची, शाळांचे हॉल ठरवायचे, हीथ्रोवर चहाचा थर्मास घेऊन उभं राहायचं, तबलजीला थंडी वाजते म्हणून स्वतःचा स्वेटर काढून द्यायचा, हे सगळं एकट्यानं. कुणी त्यांना "प्रमोटर" म्हटलं की ते लाजत. "प्रमोटर कसला, मी हमाल आहे," म्हणत. पण म्हणताना छाती थोडी पुढे यायची.

त्यांची जाहिरातीची पद्धत जगात दुसऱ्या कुणी वापरली नसेल. ते टेलिफोन डिरेक्टरी घेऊन बसायचे आणि आडनावाच्या शेवटी 'कर' दिसलं की फोन लावायचे. दोन हजार एकमध्ये मी नोकरीसाठी मेडनहेडला आले, घरात फोन घेतला, आणि नवी डिरेक्टरी आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात पलीकडून आवाज आला, "नमस्कार, चांदोरकर का? म्हणजे तुम्ही आपल्याच." परक्या गावात मला त्या दिवशी रडूच आलं, हे मी काकांना कधी सांगितलं नाही. त्यांना चढली असती.

याच पद्धतीनं त्यांनी मेडनहेडच्या मिसेस पार्कर यांना फोन केला होता. काकांनी इंग्रजी स्पेलिंग वाचलं ते 'पारकर'. फोनवर पहिली दोन मिनिटं त्यांनी शुद्ध मराठीत नाट्यसंगीताचं आमंत्रण दिलं. पलीकडच्या सत्तरीच्या इंग्रज बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आय डोन्ट नो व्हॉट यू आर सेलिंग, डिअर, बट यू साउंड लवली." बाई आल्या. पुढच्या रांगेत साडेतीन तास ताठ बसल्या, दोन वडे खाल्ले आणि जाताना विचारलं, "अँड व्हिच वन वॉज द सॅड वन?" त्यानंतर त्यांनी एकही कार्यक्रम चुकवला नाही. काका त्यांची ओळख "आमच्या पारकर वहिनी" अशीच करून देत.

वडे करायच्या नलूकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी. आणि इथे काकांच्या एका ठरलेल्या वाक्याशी आपण येतो. आपल्याकडे लग्नाकार्यात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात, आधी पाहुण्यांचं होऊ द्यायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते कार्यापुरतं असतं. काकांनी त्याचा संसार केला. "आपण घरचे, आपली पंगत शेवटची," असं म्हणत ते जगले. घरी गवई उतरले की मोठी बेडरूम गवयांना आणि काका-काकू बॉक्सरूममध्ये, जिथे पाय पसरले की दार उघडत नसे. चांगल्या रांगेतली खुर्ची पाहुण्यांना. शेवटचा वडासुद्धा पाहुण्यांना. दोनशे वडे तळून काकू घरी जाऊन टोस्ट खात.

आणि काकूंच्या गळ्यात गाणं होतं. मी हे उगाच प्रेमापोटी म्हणत नाही. हॉलच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक खिडकी असे, तिला वरून ओढायचं पत्र्याचं शटर. तळणाचा वास आत जाऊ नये म्हणून काका ते बंद करायला लावत. काकू ते वीतभर उघडं ठेवून, झारा हातात धरून आतलं गाणं ऐकत आणि दोन घाण्यांच्या मध्ये तेच बारीक आवाजात म्हणत. एकदा मी प्लेटा न्यायला आत गेले आणि दारातच थांबले. स्टेजवरच्या बाई जी जागा चाचपडत घेत होत्या, ती काकूंनी कढईसमोर सहज घेतली होती. "काकू!" म्हटलं, तर म्हणाल्या, "अगं, काही नाही ग. बाकीचे वडे जळतील." सांगलीला लग्नाआधी आठ वर्षं त्या शिकल्या होत्या. हे काकांना माहीत होतं का? होतं. लग्न ठरताना सांगितलं होतं. त्यानंतर विषय निघाला नाही.

म्हणजे बाकीच्यांनी काढला. त्यांच्याकडे उतरलेल्या एका वयस्क गायिकेनं सकाळी काकूंचं गुणगुणणं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, घरात गाणं असताना आमच्या व्हिसाची खटपट कशाला करता?" काका हसून म्हणाले, "ती आमची घरचीच." त्यांची मुलगी अनू इथेच जन्मलेली. तिचं मराठी लंगडत चालायचं, पण चालायचं. तिनं एकदा जेवताना माझ्यासमोर विचारलं, "बाबा, आईचा गाणं तू कधी बुक करणार?" काका म्हणाले, "आईचा नव्हे बेटा, आईचं. गाणं, ते गाणं." व्याकरण दुरुस्त झालं. प्रश्न टेबलावर तसाच राहिला आणि काकूंनी आमटी वाढली.

दोन हजार सहाच्या वसंतात काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. तपासण्या झाल्या, गाठ चांगली नव्हती. काढायला हवी होती, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की आवाजाची नस तिथूनच जाते, आम्ही जपू, पण खात्री देता येत नाही. ऑपरेशनसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. घरी येऊन काकूंनी कोट काढला आणि काकांना म्हणाल्या, "अहो, त्याच्या आधी मला एकदा गायचंय. स्टेजवर." लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी काही मागितलं ते हे पहिलंच असावं.

काका गडबडले, मग हरखून गेले. त्याच दिवशी त्यांनी हॉल ठरवला. चार आठवड्यांनंतरचा रविवार. फोटोसह पोस्टर छापलं, पिनरपासून मेडनहेडपर्यंत वाण्यांच्या दुकानांत लावलं, डिरेक्टरी घेऊन फोनला बसले. मला पेटी बरी वाजवता येते, म्हणून काकांची दुपारपाळी असली की मी स्लाऊला त्यांच्या घरी जायची आणि काकू माझ्या साथीनं तयारी करायच्या. काका नसतानाच. "यांच्यासमोर नको ग. हे असले की फोन वाजतो," म्हणायच्या. त्या चार आठवड्यांत मी एक वेगळीच बाई पाहिली. मला रागवायची. "पेटी मागे ठेव, माझ्या पुढे पळू नकोस." मला ती बाई फार आवडली.

कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना पुण्याहून एका संगीत मंडळीचा फोन आला. युरोपातला त्यांचा दौरा कोलमडला होता, आठ माणसं लंडनला अडकणार होती, एक रविवार मिळाला तर दौरा वाया जाणार नाही. रविवार तोच. काकांनी काकूंना माझ्यासमोर सांगितलं. "पाहुणे आहेत ग. आठ माणसं. आपलं काय, घरचंच आहे. पंधरा दिवसांनी घेऊ, ऑपरेशनच्या आधी बसतं."  काकूंनी एवढंच विचारलं, "अहो, पंधरा दिवसांनी नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय! हॉल बुक केलासुद्धा."

मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. ते माझ्या नावावर आहे.

स्वतःच्या गाण्याच्या रविवारी नलूकाकूंनी पुण्याच्या आठ माणसांसाठी आणि दोनशे श्रोत्यांसाठी वडे तळले. त्या दिवशी शटरमागे त्या गुणगुणल्या नाहीत. गळा जपत होत्या.

पुढच्या आठवड्यात सोमवारी हॉस्पिटलमधून फोन आला. आधी दिलेली तारीख सर्जनना आता जमणार नव्हती, पण मधली एक जागा रिकामी झाली होती, गुरुवारी येता का, त्यांना थांबायचं नाही. काकूंचं गाणं त्यापुढच्या रविवारी. फोन काकांच्या हातात होता. मी समोर बसले होते. ते बाईंना विनवत होते, "सिस्टर, कुड वी प्लीज डू इट द वीक आफ्टर? वी हॅव अ प्रोग्रॅम. माय वाइफ्स प्रोग्रॅम." पलीकडची बाई हळुवारपणे सांगत होती की पुढची तारीख कधीची मिळेल ते सांगता येत नाही. काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "वी विल कम थर्सडे. थँक यू." फोन ठेवला आणि कणीक भिजवायला गेल्या.

कार्यक्रम नसल्याचे फोन आम्ही दोघांनी वाटून घेतले. काका प्रत्येकाला म्हणत, "रद्द नाही हो, पुढे ढकललाय." मिसेस पार्करना त्यांनीच लावला. बाईंनी विचारलं असावं, मग ती केव्हा गाणार? काकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बागेत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

ऑपरेशनमध्ये दिसलं, गाठीनं नसेला वेढा घातला होता. काकू वाचल्या, आवाज गेला. नुसती हवा उरली. दुकानात त्या बोटानं दाखवायच्या, फोन अनूनं घ्यायचा. मला हाक मारायची तर टाळी वाजवायच्या. रडताना मी त्यांना पाहिलं नाही. मीच रडायचे, आणि त्या कुजबुजायच्या, "पुरे."

मी काकांशी भांडले. असं भांडण मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केलं नाही. त्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून म्हटलं, "काका, काकू तुमच्या घरच्या, म्हणून कुणाच्याच नव्हत्या का? एक रविवार नाही देता आला त्यांना?" काका खुर्चीत आक्रसून बसले होते. म्हणाले, "दारात आलेल्या आठ माणसांना परत कसं पाठवायचं ग?" ते स्वतःचा बचाव करत नव्हते. खरंच विचारत होते. त्याचाच मला जास्त राग आला. चार महिने मी त्यांचा फोन घेतला नाही. काकूंना भेटायची, पण ते कामावर असताना.

त्यांनी कार्यक्रम बंद केले. माइक, पडदे, पेटी, सगळं पिनरच्या मराठी मंडळाला देऊन टाकलं. अडीच वर्षांनी, दोन हजार आठच्या डिसेंबरात, गाठ दुसरीकडे उमटून काकू गेल्या. क्रिमेटोरियममध्ये आम्हाला अर्धा तास मिळाला होता. तिथल्या माणसानं नम्रपणे विचारलं, काही संगीत लावायचं आहे का. काकांच्या घरी शंभराच्या वर कॅसेटी होत्या, त्यांच्या स्टेजवर गायलेल्या प्रत्येकाची. काकूंचा आवाज एकीवरही नव्हता. अर्धा तास आम्ही तसेच बसलो.

काकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण मला ते आठवतात ते काकूंच्या चौदाव्या दिवशीचे. जेवणं आटोपली होती, लोक पांगले होते, अनू भांडी पुसत होती. काकांनी मला बाजूला बसवलं. हातात पॅड आणि पेन.

"बस ग. एक विचारायचंय. ती काय गाणार होती?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. पाहुण्यांचं सगळं मी आधी लिहून घ्यायचो. कोणतं गाणं, कुठला राग, किती मिनिटं. हिला विचारायचं राहिलं." मग म्हणाले, "मला वाटायचं, येत असतील चारदोन."

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. एकेक आकडा घालून, पाहुण्यांसाठी लिहीत तसंच वळणदार. पहिली भूपाळी. दुसरा अभंग. मग दोन नाट्यपदं, त्यातलं एक तुमच्या बायकोनं असं म्हटलं असतं काका, की पुण्याचे आठही जण उठून उभे राहिले असते. मग तीन भावगीतं. गौळण. मंगळागौरीचं एक. दहावा पाळणा, त्यांच्या आईचा. लिहिता लिहिता काकांचा चेहरा कसा होत गेला ते मला नीट सांगता येणार नाही. दर गाण्याला ते "हेही?" म्हणत होते.

"आणि शेवटी?"

"शेवटी भैरवी."

"कुठली?"

 ते पेन टेकवून थांबले होते.

"ती मला ऐकवली नाही त्यांनी," मी म्हटलं. "म्हणाल्या, 'ही यांच्यासाठी आहे. तूसुद्धा हॉलमध्येच ऐक.'"

अनूनं हातातली थाळी तशीच धरली होती. 

"सूर?" काकांनी विचारलं. "पेटीवर सूर कुठला धरायचीस तू तिला?"

"काळी चार."

त्यांनी अकरा आकडा घातला. पुढे भैरवी लिहिलं, काळी चार लिहिलं, आणि ते मला म्हणाले, "जरा थांब हं, आठवेल मला. कधीतरी म्हटलीच असेल ना घरात."