छप्पर बसण्याआधी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मायला नाही, होस्टेलवरच्या शीतललाही नाही. एकदा शेताच्या धुऱ्यावर एकटीच उभी राहून नुसतं मोठ्यानं म्हणून पाहिलं — आजूबाजूला सोयाबीन होतं, माणूस एकही नव्हता — तरी तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणून लिहिते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण हात इथेही अडतोच आहे.

सुरुवात खेळापासून करते. खेळाबद्दल बोलणं सोपं आहे.

पुठ्ठ्याच्या पत्त्यांचा खेळ होता. शीतलनं मोबाइलवरून मागवलेला, मग कंटाळून मला देऊन टाकलेला. काही पत्ते मधोमध दुमडून उभे करायचे — त्या भिंती. त्यांच्यावर एक पत्ता आडवा ठेवायचा — तो मजला. प्रत्येक मजल्यावर एक चित्र. कुठे झोपलेली मांजर, कुठे वाफाळती किटली, कुठे खिडकीत कुंडी. पुढची भिंत कुठे उभी करायची त्याच्या रेघा त्या चित्रातच काढलेल्या. असं चढत चढत जायचं आणि सगळ्यांत शेवटी छपराचा पत्ता ठेवायचा. चौघं मिळून खेळा, नाहीतर एकट्यानं खेळा. यात कुणी कुणाला हरवत नाही. सगळ्यांनी मिळून एकच घर उभं करायचं असतं. मला तो फार आवडायचा.

बाबांना लकवा मारला तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि बाबा ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, हात मात्र मागे राहिला. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, बोटांना बारीक काम द्या — रबरी चेंडू दाबू द्या, डाळ वेचू द्या. बाबांनी चेंडू एक दिवस हातात धरला आणि फेकला. ‘‘मी का लेकरू हाव?’’ म्हणाले. डाळीच्या ताटाकडे तर त्यांनी पाहिलंही नाही.

मग मी सुट्टीत तो खेळ घरी नेला.

‘‘पत्ते? या घरात?’’ माय दारातच म्हणाली. ‘‘दवाखान्यानं आता जुगार खेळाले सांगतला काय?’’

‘‘हाव,’’ बाबा खाटेवरून म्हणाले. ‘‘सकाळी एक डाव, संध्याकाळी एक डाव. डाक्टरनं लिहून देल्लं. तू बी बस, पैसे घेऊन.’’

लकवा झाल्यापासून ते पहिल्यांदाच असं बोलले होते. माय पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला गेली की रडायला, मला कळलं नाही.

आता बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. बाबा सुडी रचायचे. सोयाबीन कापलं की मळणीयंत्र येईपर्यंत ते शेतातच रचून ठेवतात, त्याला सुडी म्हणतात. खालून लोक पेंढ्या देतात आणि वर एकच माणूस उभा राहून त्या लावतो. वरचा शेंडा घराच्या छपरासारखा उतरता आला, तरच पाऊस आत शिरत नाही. आमच्या गावात शेंड्यावर बाबांनाच बोलवायचे. आणि गावात एक रीत आहे. सुडी अर्ध्यातून घसरली तर पाया चुकला म्हणतात, हसतात, पुन्हा रचतात. पण शेंडा बसवताना घसरली तर हात चुकला म्हणतात. मग तो माणूस पुन्हा वर चढत नाही. त्याला कुणी मनाई करत नाही. तो आपणहूनच खाली थांबतो, पेंढ्या द्यायला.

ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

बाबांनी त्या खेळाला पहिल्याच दिवशी सुडी म्हटलं. माजघरात पाट मांडायचा, एका बाजूला ते, समोर मी. पत्ता उजव्याच हातानं उचलायचा, हा आमचा नियम. सुरुवातीला पहिली भिंतही उभी राहायची नाही. पत्ता बोटांतून सुटायचा आणि बाबा म्हणायचे, ‘‘पायाच कच्चा राह्यला, बाई.’’ चिडायचे नाहीत. मी होस्टेलला गेले की एकटेच खेळायचे. माय फोनवर सांगायची, तुहे बाबा भाकर थंडी करतात पण ती मांजर काही सोडत नाहीत. मी पुन्हा घरी आले की एखादा मजला वाढलेला असायचा. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना नीट भेटायला लागली होती. शर्टाचं एक बटण त्यांनी स्वतः लावलं तेव्हा मायनं शेजारच्यांना बोलावून दाखवलं.

मी अजून खेळाबद्दलच बोलते आहे ना? कळतंय मला.

तो रविवार होता. मला दुपारच्या जीपनं बुलढाण्याला होस्टेलवर परत जायचं होतं. घरी मी सांगितलं होतं की उद्या प्रॅक्टिकल आहे. प्रॅक्टिकल नव्हतं. शीतलचा वाढदिवस होता, संध्याकाळी केक कापायचा होता, आणि तिच्या शहरातल्या मैत्रिणी येणार होत्या. मला तिथे सुरुवातीपासून असायचं होतं — उशिरा आलेली, घामेजलेली, हातात पिशवी घेतलेली गावाकडची मुलगी म्हणून नाही. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं आहे.

जेवणं झाल्यावर बाबा पाटाशी बसले. ‘‘एक डाव खेळून जाय,’’ म्हणाले. आणि त्या दिवशी त्यांचा हात कधी चालला नव्हता तसा चालला. मांजर बसली. किटली बसली. कुंडी बसली. प्रत्येक पत्त्याला वेळ लागत होता — हात पोचायचा, थरथरायचा, थांबायचा, मग पत्ता अलगद सोडायचा. एरवी मी तो वेळ श्वास धरून पाहिला असता. त्या दिवशी माझा कान रस्त्याकडे होता.

शेवटी छपराचा पत्ता राहिला. तोवर आम्ही कधीच तिथपर्यंत पोचलो नव्हतो.

बाबांनी तो दोन बोटांत धरला. तेवढ्यात पारावरून जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओरडला, ‘‘ओ ताई, येता का जाऊ?’’ मी उठायला लागले तसे बाबा पत्त्यावरची नजर न काढता म्हणाले, ‘‘थांब वं, शेंडा बसू दे.’’

त्यांचा हात वर गेला. मनोऱ्याच्या वर येऊन थांबला. पुन्हा हॉर्न वाजला. हात अजून थांबलेलाच होता.

माझा गुडघा पाटाच्या कडेला लागलेला होता.

मी तो हलवला.

चुकून नाही. धक्का लागला असंही नाही. हा डाव एकदाचा संपला तर मला जाता येईल, असा विचार मनात पूर्ण वाक्यासारखा आला, आणि मी पाट हलवला. थोडासाच. थोडासाच पुरला.

सगळं खाली आलं. मांजर, किटली, कुंडी, भिंती. काही पत्ते खाटेखाली गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आपल्या हाताकडे पाहिलं. आणि तो हात — हे मी रोज पाहते, पुस्तक उघडलं तरी दिसतं — तो हात अजून हवेतच होता, आणि छपराचा पत्ता त्या दोन बोटांत तसाच घट्ट होता. सगळं पडलं होतं, पण त्यांच्या हातातून काहीच पडलं नव्हतं. समोर होतं ते. कुणालाही दिसलं असतं. दिसलं फक्त मला.

‘‘गेलं वं,’’ बाबा म्हणाले. मग आत मायला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘शेंड्यावर घसरली. माह्या हातानं घसरली.’’

आणि मी काय केलं? त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘जाऊ द्या बाबा, परत रचू,’’ म्हणाले. समजूत काढली त्यांची! मग पिशवी उचलली आणि पळाले. जीप मिळाली. केक मिळाला. फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, हसते आहे.

पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा पत्त्यांचा डबा फळीवर होता, सुतळीनं बांधलेला. मी काढायला गेले तर बाबा म्हणाले, ‘‘राहू दे.’’ राग नव्हता त्यात. शेंड्यावरून उतरलेला माणूस जसा शांतपणे खाली उभा राहतो, तसे ते बोलले. मी ‘एकदाच’ म्हटलं, हट्ट केला, रडलेसुद्धा. जे बोलायचं होतं तेवढं सोडून बाकी सगळं केलं.

दवाखान्यात मॅडम मायवर चिडल्या. हात चांगला उघडत होता, व्यायाम बंद का केला? माय म्हणाली, नजर लागली असंल, म्याच ते बटण साऱ्याइले दाखवलं. मी बाजूच्या बाकावर बसले होते. एक वाक्य होतं माझ्यापाशी. ते मी तेव्हा का बोलले नाही? नंतर का नाही? इथे लिहिता येतं मला — मी पाट हलवला. पण घरी ते आमच्या बोलीत, बाबांच्या तोंडाकडे पाहून म्हणावं लागेल. ‘म्या हालवला, बाबा.’ एवढ्यावर येते आणि गप्प बसते. हात पुढे पूर्ण सुधारला असता का, हेही मी मॅडमना कधी विचारलं नाही. विचारलं तर त्या सांगतील.

आता बोटं आत वळली आहेत. बाबा डाव्या हातानं जेवतात. बटणं माय लावते.

या हंगामात विष्णूकाका आले होते, शेजारच्या शेताचे. ‘‘वर चढू नको,’’ ते बाबांना म्हणाले, ‘‘खाली खुर्ची टाकतो. नुसतं बसून सांग, कुठं काय लावाचं.’’

‘‘नाई बाप्पा,’’ बाबा हसत म्हणाले. ‘‘माह्यानं पोरीचं कागदाचं घर नाई झालं, तुही सुडी काय सांगू? पोरगी लय खपली बरं माह्यासाठी. तिच्याकडून काई कमी नाई राह्यलं. माह्या हातातच दम नव्हता.’’

विष्णूकाका माझ्याकडे पाहून कौतुकानं मान हलवायला लागले. मी चहा घेऊन उभी होते. एक कप त्यांना दिला. दुसरा बाबांच्या समोर ठेवला — डाव्या हाताला.