धाकट्याचा आकडा

"अडीच? तीस होतं ना, भाऊ?"

भाजे गावातल्या एका घराच्या ओटीवर एका बाईनं मला हे विचारलं, त्याला आता तेरा वर्षं झाली. तिचा नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. मी विमा एजंट. दाव्याचे कागद घेऊन गेलो होतो, सह्या कुठं करायच्या तिथं पेन्सिलीनं फुल्या करून. शेजारी तिचा थोरला दीर बसला होता. तिच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं, आणि ते खोटं तेरा वर्षं त्या घरात नांदलं. एजन्सी सोडून मला बरीच वर्षं झाली. वय चौऱ्याहत्तर. गेल्या महिन्यात जे कळलं त्यानं अजून झोप लागत नाही, म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहितो आहे. नावं लिहीत नाही. त्या घराला ती नको आहेत. ज्यांना मला ओळखायचं ते मावळात ओळखतीलच.

मी कुसगावचा. लोणावळ्यापासून पार तिकोणा पेठेपर्यंत तीस-बत्तीस वर्षं स्कूटरवर हिंडून विमा विकला. लोक एकच प्रश्न विचारायचे, "परत किती मिळणार?" मागं राहणाऱ्यांना किती मिळणार, हे कुणी विचारायचं नाही. मरणाची गोष्ट घरात कशाला काढायची! मीही काढायचो नाही. वीस वर्षांनी मुलीच्या लग्नाला रक्कम हातात येईल एवढं सांगितलं की सही व्हायची, चहा व्हायचा, आणि मी पुढच्या गावाला.

भाजे गावातल्या त्या घरात दोन भाऊ. थोरला शेती बघायचा, गावच्या चार कामांत असायचा. त्याचा तीन लाखांचा विमा मीच उतरवला होता. त्याच्या शब्दावर गावातली निदान वीस घरं माझ्याकडे आली होती, आणि दर वर्षी भात झोडलं की इंद्रायणी तांदळाचं एक पोतं माझ्या दारात यायचं. धाकटा जीप चालवायचा. लेणी बघायला येणाऱ्यांना मळवली स्टेशनवरून आणायचा, शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या बंगल्यांवरच्या पाहुण्यांना फिरवायचा. त्याला दोन मुली, एक सहा वर्षांची, एक तीन.

एका गुरुवारी सकाळी धाकटा एकटाच माझ्या घरी आला. खिशातून वहीचं फाडलेलं पान काढून त्यानं माझ्यापुढं ठेवलं.

"भाऊ, हे बरोबर हाय का बघा. मी न्हाई राह्यलो तर."

मी पान बघून चकित झालो. सातवी शिकलेल्या माणसानं जे केलं होतं ते मी तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं. घरखर्च महिन्याला आठ हजार. धाकटी मुलगी कमावती होईपर्यंत वीस वर्षं. त्यावर जीपचं राहिलेलं कर्ज, दोघींचं शिक्षण, लग्नं. एकोणतीस लाखांच्या आसपास जात होतं. खाली त्यानं तीस लिहून दोन रेघा मारल्या होत्या.

विम्याची रक्कम अशीच काढायची असते. आपल्या जिवाची किंमत काय, हा तो प्रश्नच नाही. आपल्या मागं कोण, त्यांना किती वर्षं, महिन्याला किती लागणार, देणं किती, शिल्लक किती, एवढंच. मला ते माहीत होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं.

तीस लाखांसाठी मुदतीचा विमा घ्यावा लागला असता. त्यात माणूस जगला तर काही परत मिळत नाही, पण हप्ता अगदी कमी असतो. मी वर्षानुवर्षं विकत होतो तसल्या अडीच लाखांच्या विम्याचा हप्ता त्याच्याहून जास्त पडायचा. हप्ता कमी म्हणजे माझं कमिशनही कमी. ते मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या सकाळी मी त्याला अडवलं ते दुसऱ्याच कारणानं.

आमच्याकडे जत्रेच्या वर्गणीचा एक न लिहिलेला नियम आहे. देवळासमोरच्या फळ्यावर नावं लागतात, आणि धाकट्या भावाचा आकडा थोरल्याच्या वर कधी जात नाही. थोरल्यानं पाचशे एक घातले तर धाकटा अडीचशे एक घालतो, मग त्याची कमाई दुप्पट का असेना. वर गेला तर भावाला गावात खाली बघायला लावलं असा अर्थ होतो. हाच नियम मी विम्याला लावला.

"दादाचा तीन लाखांचा आहे," मी म्हणालो. "तुझा तीस लाखांचा? कागद पोस्टानं घरी येणार. पाकीट कोण फोडतं तुमच्यात?"

"दादाच फोडतो."

"मग?"

तो कसंनुसं हसला. "दादा म्हणंल, ह्यो काय माझ्या दहापट झाला व्हय?"

"तेच म्हणतोय मी."

त्यानं पानाकडे एकदा पाहिलं आणि घडी घालून ते खिशात ठेवलं. "अडीच करा मग. दादाच्या खालीच राहू द्या. पुढल्या साली वाढवू."

मी अडीच लाखांचा विमा केला. पुढच्या वर्षी त्यानं फोन केला, "भाऊ, ते वाढवायचं राह्यलं." मी "बघू" म्हणालो. त्याच्या पुढच्या वर्षी कार्ल्याच्या फाट्यावर भेटला, तेव्हाही मी "बघू"च म्हणालो. थोरल्याशी वाईटपणा यायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. थोरल्याला एकदा विचारावं, हे एकदाही सुचलं नाही.

चौथ्या वर्षी, पाहुणे वर लेण्यांत गेलेले असताना, पायथ्याला उभ्या केलेल्या जीपमध्ये बसल्या बसल्या त्याच्या छातीत कळ आली. अडतिसावं चालू होतं. चहाच्या टपरीवाल्यानं मला फोन केला. मी दोनदा विचारलं, "कोण? थोरला का?" थोरला साठीला आला होता. माझ्या हिशेबी मरायचं वय त्याचं होतं.

मग ती ओटी, आणि तो प्रश्न. तीसचा आकडा तिला ठाऊक असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. घरी जाऊन त्यानं "काम झालं" एवढंच सांगितलं होतं. ती चार वर्षं तीस धरून बसली होती.

मी थोरल्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. "त्यांनीच शेवटी कमी केला," मी म्हणालो. "हप्ता झेपणार नाही म्हणाले."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. ती रडली नाही. "मला तर झालं म्हणून सांगितलं," एवढंच बोलली आणि मी दाखवलेल्या फुल्यांवर सह्या केल्या. थोरल्यानं मान खाली घातली. मला वाटलं, त्याला सुटल्यासारखं झालं असणार.

बोनस धरून जे पैसे आले त्यातून जीपचं कर्ज फिटलं आणि दीडेक वर्षं घर चाललं. मग ती कुसगावातल्या एका हॉटेलात पोळ्या लाटायला येऊ लागली. माझ्या घरापासून ते हॉटेल चालत दहा मिनिटांवर. ती सकाळी येताना दिसली की मी दारातून आत यायचो. माझ्या बायकोला वाटायचं मला ऊन सोसत नाही. इंद्रायणीचं पोतं मात्र दर वर्षी येत राहिलं, आणि मी ते ठेवून घेत राहिलो.

गेल्या महिन्यात थोरला माझ्याकडे आला. आता काठी टेकत चालतो. बरोबर धाकट्याची मोठी मुलगी. ती तळेगावला एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीला लागली आहे. तिला विमा घ्यायचा होता आणि रक्कम किती असावी याचा सल्ला हवा होता.

"हिला किती काढायचा ते बघा, साहेब," थोरला खुर्चीत टेकत म्हणाला. "मला म्हणती, मोठे बाबा, तुमचा इमा म्हंजी चहापाण्याचा!"

"मग काय खोटं बोलले?" ती हसली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "आबा, हे बघा. आईचा महिन्याचा खर्च, तिचं औषध, बहिणीची कॉलेजची तीन वर्षं. महागाई वेगळी धरलीय. पंचाहत्तर लाख येतात. माझ्या पगाराला जास्त होतात का?"

तिच्या बापानं आखला होता तसाच हिशेब. मी चष्मा पुसत बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून थोरल्याला म्हणालो, "तुमच्यापेक्षा फारच मोठा आकडा झाला."

"मोठा असू द्या की! त्यात काय?" थोरला म्हणाला. "हिच्या बापाला मीच तर सांगावा धाडला हुता तीसचा."

"कुणी?"

"मी. आमच्यात भाऊ भावाला तोंडावर सांगतो व्हय, तू मेलास तर म्हणून? मी हिच्या मोठ्या आईला, म्हंजी माझ्या मंडळीला सांगितलं, तिनं हिच्या आईला, आन् हिच्या आईनं त्याला, जशी काय तिच्याच मनातली गोष्ट. रोज हायवेवर गाडी त्याची. माझं काय, मी बांधावर. मोठा इमा त्याला पायजे हुता का मला?"

मी पुन्हा विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं?"

"व्हय तर! आन् हप्ता जड गेला तर अर्धा मी घालणार, हे बी ठरवलं हुतं. पण त्यो मला बोललाच न्हाई. परस्पर कमी करून आला, आन् कागदाचं पाकीट बी पोस्टातनं सोताच आणलं, मला फोडू दिलं न्हाई. तेरा सालं मनात हाय माझ्या, साहेब. सख्ख्या भावाला लाज वाटावी असं मी काय वागलो हुतो?"

मुलगी मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "आई अजून म्हणते, कमी केला ते केला, मला झालं म्हणून खोटं का सांगितलं."

मी उठून पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो. माठातून तांब्या भरून तिथंच थांबलो. ज्या माणसाच्या रागाला भिऊन मी तो आकडा खाली आणला, तो आकडा त्याच माणसाचा होता. त्याला सुटल्यासारखं झालं असणार असं मी धरून चाललो होतो, आणि तो तेरा वर्षं स्वतःला दोष देत होता. त्या दिवशी त्यांना मी काहीच सांगू शकलो नाही. मुलीला म्हणालो, पंचाहत्तरच घे, एक रुपया कमी करू नकोस, कुणी काहीही म्हणो.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी, तिच्या आईची हॉटेलची सुट्टी बघून, रिक्षानं भाजे गावात गेलो. थोरला ओटीवर होता, ती तांदूळ निवडत होती. मी दोघांना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. वहीचं पान, फळ्यावरची वर्गणी, पोस्टाचं पाकीट, माझं कमिशन, दोनदा म्हटलेलं "बघू". आणि याच ओटीवर बोललेलं खोटं.

थोरल्यानं काठी जवळ ओढली.

"तुमी माझ्या ताटाला ताट लावून जेवलात," तो म्हणाला. "आन् मला असला समजत हुता?"

मी हात जोडले.

"हात खाली करा. मला इचारायचं एकदा. एकदा तरी!" तो काठी घेऊन उठला आणि शेताच्या वाटेनं निघून गेला. मागं वळून पाहिलं नाही. तो त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही, आणि बोलेल असं वाटत नाही.

ती जागची हलली नव्हती. सूप मांडीवर तसंच. मला वाटलं आता ती मला हाकलेल. तेही रास्तच ठरलं असतं.

"म्हंजी हप्त्याचं ते बोललेच न्हाईत?" तिनं विचारलं.

"नाही. हप्ता तर कमीच पडत होता."

"आन् वाढवू म्हणालं हुतं?"

"पुढच्या वर्षी वाढवू म्हणाला होता. नंतर दोनदा आठवण केली त्यानं. मीच केलं नाही."

"काय म्हणालं? जसं म्हणालं तसं सांगा."

मी सांगितलं. अडीच करा मग. दादाच्या खालीच राहू द्या. पुढल्या साली वाढवू.

"पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ती तांदळात बोटं फिरवत राहिली. मग खाली बघूनच बोलली, "दर पितराला त्यांचं पान वाढती मी. सगळं करती. अळूची भाजी तेवढी करत न्हाई. त्यांना लय आवडायची. म्हणून करत न्हाई. तेरा सालं. तुमी मला हे आज सांगताय?"

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही, आणि नाकारलीही नाही. ऐकूच गेली नसावी.

फाटकाचा आवाज झाला. धाकटी मुलगी कॉलेजातून आली होती. बाप गेला तेव्हा ही सात वर्षांची होती. पाठीवर पिशवी, कानात वायर. मी उठायला लागलो.

"बसा," ती बाई म्हणाली. मुलीला हात धरून शेजारी बसवलं आणि तिच्या कानातली वायर स्वतःच काढली.

"काय झालं, आई?"

"ह्ये तुझ्या पप्पांचं सांगत्यात. ऐक." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिला सांगा, भाऊ. पहिल्यापासनं. काय बी गाळू नगा."