दुसरी ओळ न वाचणारा वावटळ

कचेरीत आमच्या मजल्यावर त्याला वावटळच म्हणतात. चहा पिताना उभा, उभा असताना चालता. लहानपणी आक्का, म्हणजे त्याची थोरली बहीण, गोष्ट सांगू लागली की हा पहिल्या वाक्यालाच "कळलं, कळलं" म्हणून पसार. नोकरीही तशीच मिळाली: कचेरीचा मेल सर्व्हर सांभाळायचा.

गेला आठवडाभर मात्र वावटळीतच काहीतरी गरगरत होतं. आक्काला फोनवर तो म्हणाला होता, "तुझं बोलणं कधी संपतच नाही." तिने शांतपणे सांगितलं, आता फोन नको, काय ते लिही. याने लगेच कचेरीच्या मेलवरून माफी मागितली. उत्तर नाही. दिवसभर मेल उघड, बंद कर. बायको म्हणाली, डबा उघडून बघितल्याने भात शिजत नाही.

त्याच काळात त्याने कचेरीसाठी नवा नियम लिहिला होता. प्रत्येक मेलच्या माथ्यावर ओळी असतात: कुणाकडून, कुणाला, विषय. त्यातला विषय उचलायला त्याने चिन्हांचा एक नमुना, म्हणजे रेगेक्स, जोडला. विषय रिकामा निघाला की मेल कचऱ्यात. पाच मिनिटांत लिहिला आणि तपासलाही नाही. तपासायला बसावं लागतं.

बुधवारी दुपारी हिशेबाच्या बाई त्याच्या टेबलाशी आल्या. लांबलचक विषयाचे मेल येतच नाहीत, म्हणाल्या. याने कचरा उपसला आणि कपाळावर हात मारला. विषय लांब असला की मेल पाठवणारं यंत्र कधी कधी "विषय" एवढंच लिहून बाकीचं पुढच्या ओळीवर ढकलतं. याचा नमुना पहिल्याच ओळीवर थांबत होता. पुढची ओळ जणू नव्हतीच.

आणि त्या ढिगात आक्काचे मेल. तिची जुनी खोड, अख्खं पत्र विषयाच्याच जागी लिहायची. पहिल्यात रुसवा, दुसऱ्यात माफी, शेवटच्यात: बुधवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, सोबत कोणी नाही, येशील ना?

आज बुधवार. बूट अर्धवट घातलेल्या अवस्थेत त्याने नमुना सुधारला, मोकळ्या जागेने सुरू होणारी पुढची ओळ आधीच्या ओळीलाच जोडायला सांगितली आणि जिना उतरला.

दवाखान्यात ऑपरेशन उरकलं होतं. डोळ्यावर पट्टी बांधून आक्का बाकावर एकटीच बसली होती. पावलं ऐकूनच म्हणाली, "आला वाटतं."

त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे तुझं यंत्रही पहिलीच ओळ वाचतं," आक्का म्हणाली. "मालकावर गेलंय."

मग तिने सकाळपासूनची हकीकत सुरू केली: रिक्षा, नर्स, डोळ्यात घातलेले थेंब, शेजारच्या बाईंची सून. वावटळ बसला. पाय हलत होता. आक्काने न बघता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा सुनेच्या गोष्टीकडे वळली. खिशातला फोन थरथरला. त्याने तो काढला नाही, पण पाय काही थांबला नाही.