‘आज नाई ना?’ विचारणारी मावशी

“आज नाई ना?”

सकाळी मिलच्या फाटकातून आत येताना ती मला एवढंच विचारायची. मान थोडी तिरकी, एक डोळा बारीक, आणि उजव्या हाताची दोन बोटं ओठांपर्यंत नेऊन लगेच खाली. बघणाऱ्याला वाटावं, दाढ दुखते का म्हणून विचारते आहे. मी म्हणायचे, “नाही.” मग ती म्हणायची, “मीबी नाई,” आणि पदर खोचून पटांगणाकडे चालू लागायची.

गोंदियाच्या बाहेर, बिरसीच्या रस्त्याला आमची राइस मिल आहे. उकडलेलं धान सिमेंटच्या पटांगणात वाळत घालतात आणि बायका त्यात पायाने रेघा ओढत फिरतात, म्हणजे खालचं धान वर येतं. ती त्या बायकांची म्होरकी. सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. मी लॅबमध्ये. लॅब म्हणजे एक खोली, एक टेबल आणि धानातला ओलावा मोजायचं यंत्र. धान वाळलं की नाही हे मी यंत्रावर बघायचे, ती दाताने. दाणा दाढेखाली धरून चावायचा. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला की वाळलं. उत्तर बहुधा दोघींचं एकच यायचं. तिचं लवकर यायचं.

आमची खरी ओळख तुसाच्या ढिगामागे झाली. जेवणाच्या सुट्टीत तिथे कोणी येत नाही, असा माझा समज होता. मी सिगारेट पेटवली आणि मागून आवाज आला.

“ओ मॅडम! तुसापाशी आग घेऊन उभी हायेस, मिल जाळून राहिली का?”

मुलीच्या जातीबद्दल, आईबापाबद्दल काहीतरी ऐकावं लागणार म्हणून मी तयार होते. त्यातलं काहीच ती बोलली नाही. हाताला धरून मला पाण्याच्या टाकीजवळ नेलं, खाली बसवलं आणि कमरेची चंची सोडून स्वतःची बिडी काढली.

“इथं ओढ आता. इथं पानी हाय.”

हॉस्टेलमध्ये लागलेली सिगारेट मी तीन वर्षं सगळ्यांपासून लपवत होते. ती कित्येक वर्षं बिडी ओढत होती, बायकांना मिलवर आणणाऱ्या गाडीत, पटांगणात, जावयासमोरसुद्धा. तिच्या गावात तिच्या वयाच्या बायका ओढतात. तिला कशाचीच चोरी नव्हती आणि मला सगळ्याचीच होती. हे असं का, ते मला त्या टाकीजवळ कळलं नाही, आणि आता लिहितानाही नीट मांडता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मिलमध्ये आरोग्य शिबिर झालं. समुपदेशक बाईंनी सांगितलं, तंबाखू एकट्याने सोडू नका, जोडीदार शोधा, रोज एकमेकांना विचारा. हमाल एकमेकांना ढोसत हसत होते. मावशीने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तिने कोणासमोर माझं नाव घेतलं नाही, पण संध्याकाळी लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

“माई पोरगी डोंगरगडले दिली हाय. तिचं पयलं लेकरू दम्याचं निघालं. आता दुसऱ्यांदा दिवस हायेत. म्हनते, बिडी सोडून तीन हप्ते झाले असन त ये बाळंतपनाले, नाई त येऊच नको.”

“मग?”

“मग काय? एकटीनं होत नाई मले. तू येतेस का संगं?”

मी हो म्हटलं. मला का सोडायची होती, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिचा एक नियम होता. “हा दोघीचा एकच उपास. एकीनं मोडला त दोघीचा मोडला.”

“असं कसं, मावशी? तुमचा तुमचा, माझा माझा.”

“तुमच्या इंग्रजी शाळेत तसं असन. आमच्यात असं हाय.”

तुमच्यापैकी कोणी सोडली असेल तर ते पहिले दिवस तुम्हाला माहीत असतील. मला दुपारी रडू यायचं आणि कारण सापडायचं नाही. एकाच नमुन्याचा आकडा मी तीनदा वाचायचे. नाक मात्र भलतंच तिखट झालं. कोण कुठून बिडी ओढून आलं, हे मला खोलीत बसून कळायला लागलं. मावशी बायकांवर खेकसायची. एकदा चप्पल गाडीतच सोडून आली.

“पाय गरम लागून राहिले तेव्हा समजलं,” ती म्हणाली. “डोक्याले काई समजत नाई आता. पायालेच समजते.”

शिबिरात बडीशेप चघळायला सांगितलं होतं. तिला बडीशेप गोड लागायची. तिने धानाचे दाणे लुगड्याच्या ओट्यात बांधून घेतले. तलफ आली की एक दाणा, कट्. दिवसभर कट्, कट्. बायका म्हणायच्या, “मावशी, उंदीर झाली का वं तू?”

तेराव्या दिवशी सुपरवायझरने पटांगणातून हाक मारली, “अम्मा, सूखा क्या?” मावशीने एक दाणा तोंडात टाकला. कट्. “सुकला. भरा.”

सुपरवायझरने माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. यंत्र न लावताच मी मान हलवली. तिचं कधी चुकत नव्हतं.

अर्ध्या पटांगणातलं धान पोत्यांत भरून झाल्यावर कोणाच्या तरी हाताला पोती ओलसर लागली. तिने चावलेला दाणा पटांगणातला नव्हताच. ओट्यातला होता, चार दिवसांचा वाळलेला. सगळी पोती पुन्हा ओतावी लागली. आठ बायका संध्याकाळपर्यंत उन्हात रेघा ओढत राहिल्या.

“अम्मा, उमर हो गई आपकी,” सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला. “कल से मशीन देखेगी, आप नहीं.”

मशीन म्हणजे मी. यंत्र मी लावलंच नव्हतं, हे त्या वेळी सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी लॅबच्या दारात उभी होते. वाक्य तोंडात तयार होतं. मी ते बोलले नाही.

घरी जाताना रस्त्याच्या कडेला स्कूटी लावली आणि टपरीवरून आणलेली सिगारेट ओढली. वरून बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान पुन्हा पुन्हा त्याच गोलात फिरत होतं. ती सिगारेट मला चांगली लागली की वाईट, हेही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तिने विचारलं, “आज नाई ना? काल नाई ना?”

“नाही.”

तिने पदर खोचला, पण पटांगणाकडे वळली नाही. मग म्हणाली, “मी ओढली काल. घरी जाऊन. आजपासून माया परत पयला दिवस.”

ती माझ्या अगदी जवळ उभी होती. माझ्या त्या तिखट नाकाला तिच्या लुगड्यातून, केसांतून, श्वासातून बिडीचा वास आला नाही. घामाचा आला, धानाचा आला. काल ओढलेली आज कळणार नाही, असंही असेल. पण मी दिलेल्या उत्तरानंतर ती जे बोलली ते खरं होतं, की मला खरं बोलता यावं म्हणून तिने दार उघडून धरलं होतं? की तिच्या त्या नियमाप्रमाणे माझा मोडला हे ओळखून तिने स्वतःचाही मोडलेला धरला? मी म्हटलं, “असू दे मावशी, होतं असं.”

“होते,” ती म्हणाली आणि निघून गेली.

मला वाटलं, हे नुसतं बोलण्यापुरतं असेल. पण तिने खरोखर पहिल्यापासून धरलं. तीन हप्ते भरले की डोंगरगडला जायचं ठरलं होतं. तो आठवडा आला आणि ती गेली नाही. बायकांनी विचारलं, “मावशी, गेली नाई काऊन?”

“दिवस भरले नाईत माये.”

“तुये का तुया पोरीचे?” बायका हसल्या. तीही हसली. मी हसले नाही. रोज ठरवत होते की आज सांगायचं. रोज ती विचारायची, रोज मी ‘नाही’ म्हणायचे, आणि त्या दिवसापुरतं ते खरं असायचं.

एका दुपारी सुपरवायझरच्या फोनवर निरोप आला. पोरीला वेळेआधी कळा सुरू झाल्या होत्या. मावशी हातातलं फावडं टाकून, पाय न धुताच स्टेशनला निघाली. तेव्हा तिचे दहा दिवस झाले होते. पोरीने एकवीस मागितले होते. मी फाटकापर्यंत तिच्यामागे गेले, पण ती ऑटोत बसली होती.

त्यानंतर ती मिलमध्ये आली नाही. पटांगणात आता दाणा कोणी चावत नाही, सुपरवायझर सरळ माझ्याकडे येतो. मी प्रत्येक वेळी यंत्र लावते, दोनदा लावते. टाकीजवळ मी बसत नाही. सिगारेट त्या एका संध्याकाळनंतर ओढली नाही, पण हे सांगून काय सिद्ध होतं ते मला माहीत नाही.

पंधरा दिवसांनी एका बाईकडून तिच्या जावयाचा नंबर मिळाला. मिलच्या आत यंत्रांचा आवाज, म्हणून पटांगणात येऊन फोन लावला. बऱ्याच वेळाने मावशीचा आवाज आला, लांबून, तुटक.

“कोन?”

“मावशी, मी. लॅबमधली.”

“मॅडम? बोल ना वं.”

“मावशी, त्या दिवशी मीही ओढली होती. आणि यंत्रसुद्धा मी लावलं नव्हतं.”

“काय? आयकू नाई येत.”

“मी सिगारेट ओढली होती!”

पटांगणातल्या आठही बायका थांबल्या. धानात घोट्यापर्यंत पाय तसेच ठेवून सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सुपरवायझर वजनकाट्याजवळून वळून पाहत होता.

“जोरानं बोल,” पलीकडून मावशी ओरडली. “भाईर रेंज हाय, पन नवी नात मांडीवर झोपली हाय. उठता येत नाई मले.”

मी बायकांकडे पाठ केली नाही. फोन तोंडाजवळ धरला, आणि जेवढा आवाज होता तेवढा सगळा लावून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.