भक्तीचं लिही म्हणे

नागपूरच्या एका पौरोहित्य पाठशाळेनं अर्जासोबत निबंध मागितला होता: मला पौरोहित्य का शिकायचं आहे? मी आईच्या अंत्यविधीबद्दल लिहिलं. पांढुर्ण्याच्या मोक्षधामात गुरुजींनी मला, तिच्या एकुलत्या एक मुलीला, मागे सारलं आणि अग्नी काकांच्या हातून द्यायला लावला. सौंसरला राहणाऱ्या त्याच काकांनी माझा निबंध वाचला.

"हे काय लिहून राहिली तू? भक्तीचं लिही. लोकं काय म्हणतील?"

"तुम्ही तेव्हा चूप राहिले, काका. आता मी नाही राहणार."

एकही शब्द न बदलता मी निबंध पाठवला. प्रवेश मिळाला. काका पेढे घेऊन आले आणि शेजाऱ्यांना सांगू लागले, "पोरीला आम्हीच पाठवून राहिलो." मी पेढा परत डब्यात ठेवला.